तिसऱ्यांदा कढवलेली आमटी

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात संध्याकाळ म्हणजे नुसता वैताग. आम्ही जैन, दिवस मावळला की अन्नाला शिवायचं नाही. वडील कापडाच्या दुकानात नोकरीला, आणि गिऱ्हाईक काही आमच्या घरची वेळ बघून उठत नसे. आम्हा पोरांना आई वेळेत वाढायची, पण ते येईपर्यंत स्वतः जेवायची नाही. नवऱ्याआधी जेवणं तिच्या माहेरी, मुरगूडला, कुणी केलंच नव्हतं.

थोरली लेक म्हणून चूल माझ्या गळ्यात. समोरच्या भिंतीवर चांगला उजेड असला तर आई म्हणायची, "आमटी ऊन कर गं." उजेड कौलांवर चढला की, "कढीव जरा." मग तोही जायला लागला की, "वाफ तरी आण." वडिलांना किती उशीर झालाय हे मला तिच्या शब्दावरूनच कळायचं. शेजारी रात्री आठ वाजता कालवण गरम करून खुशाल जेवायचे. आमची आमटी आटून जायची, भाकरी शेकून शेकून वातड व्हायची, आणि शेवटी सगळं शेजारच्या म्हशीपुढं, कारण शिळं ठेवायचं नाही. आई उपाशीच राहायची. मग वडील यायचे आणि तसेच आडवे व्हायचे. तेही उपाशीच, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. ते आईला कधी विचारत नसत, ती कधी सांगत नसे. मला त्या धुराचा, फुंकणीचा, सगळ्याचाच वीट आला होता.

एकदा आई नुकतीच तापातून उठलेली. आमटी तिसऱ्यांदा कढत होती आणि तिला घेरी आली. मी ताट वाढून तिच्यापुढं आदळलं.

"जेव. न्हाईतर समदं मोरीत ओतीन."

ती जेवली. दाराकडं बघत, चोरी केल्यासारखी. तिचे हात धुऊन होतायत तोवर दिवस मावळला आणि वडील आले.

"माझं जेवण झालं," आई खाली बघून म्हणाली.

"झालं न्हवं? बरं केलंस," वडील म्हणाले. "मी बी रोज उजेड हाय तवर दुकानातच चिरमुरं-फुटाणं खातोय की. रातभर उपाशी कोण ऱ्हाईल?"

"आई ऱ्हाती," मी म्हणाले.

एरवी वडिलांपुढं तोंड उघडलं की आई डोळे वटारायची. त्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती वडिलांकडं बघत होती, आणि नजर हटवत नव्हती.