घोंगडीवाला मावळा

लहानपणी आमचं बिऱ्हाड उघड्यावर, वडगाव रासाईला बागायतदार आप्पांच्या रानात. मेंढरंही तिथंच लेंडीखतासाठी बसायची. आज दौंडला माझ्या घराला रंग देताना ऑइलपेंटचा वास आला आन् आप्पांच्या घरनं फेकलेला, तसल्याच रंगाचा मातीचा मावळा आठवला. त्याचा तुटका हात मी चिखलाच्या घोंगडीखाली झाकला, ती काजळीनं रंगवली आणि मावळा आप्पांच्या पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यावर ठेवला.

आप्पांनी घोंगडी नखानं सोलली. “थोटा हाय की. मेंढरामागं पाठवा याला,” म्हणत त्यांनी तो शेणात रोवला.

“व्हय आप्पा, तिथंच शोभतोय,” माझे वडील हसत म्हणाले.

मी कित्येक दिवस वडिलांशी बोलले नाही. ते हसले नसते तर रान सोडावं लागलं असतं, हे आता कळतं.

पुढं मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले. वडील आता माझ्या घरात राहतात.