ओर्लीनाच्या सुया

पडदा वर जातो तेव्हा केंटकीच्या डोंगरातला एक लाकडी ओटा दिसतो. ऑगस्टातली दुपार. ओट्यावर बसून ओर्लीना कोम्ब्स हिरव्या शेंगा दोऱ्यात ओवते आहे, हिवाळ्यासाठी वाळवायला. पायाशी टपालाने आलेलं एक चपटं खोकं, दोन दिवस न उघडलेलं.

मी आयुष्यभर तंबूच्या खेळांतून गायलो, नाचलो, खोटं खोटं रडलो; पण शेजारच्या ओर्लीनाइतका संशयी प्रेक्षक मला कुठे भेटला नाही. टपालवाला, पाद्रीबाबा, स्वच्छ आकाश. कशावरच तिचा भरवसा नसे.

"अगं, उघड की," मी म्हणालो.

"तूच उघड, नाटक्या. काही चावलं तर तुला चावू दे."

आत गाण्यांची तबकडी होती. वर तिच्या थोरल्या भावाचा, बर्लचा, फोटो. बर्ल जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी शहरातला एक माणूस आवाज टिपायचं यंत्र घेऊन आला होता आणि याच ओट्यावर त्याने बर्लचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, टिपून नेलं होतं. बर्ल गज ओढायचा आणि ओर्लीना शेजारी उभी राहून त्याच तारांवर विणायच्या दोन सुयांनी ठेका धरायची. लहानपणापासून दोघांचं असंच.

वेष्टणावर नाव मात्र एकट्या बर्लचं. फोटोच्या कडेला ठिपक्यांच्या बाहीतलं एक कोपर तेवढं उरलेलं.

"बघितलंस? फोटोतनं मला कापलं, गाण्यातनंही कापलंच असणार. मी बर्लला तेव्हाच म्हटलं होतं, एवढे स्वच्छ बूट घालणाऱ्याला ओट्यावर चढू देऊ नकोस."

"ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"ऐकते. पण मी नसले त्यात, तर ही तबकडी ओढ्यात जाईल. मागोमाग तू."

मी घरून ग्रामोफोन आणला, तबकडी लावली. आधी खरखर. मग बर्लचा पाय फळीवर दोनदा आपटला आणि चाल अशी उसळली की माझे सत्तरीतले गुडघे मला न विचारताच उठले. मी नाचू लागलो. ओर्लीना मात्र मान तिरकी करून बसलेली, उलटतपासणीला बसल्यासारखी.

"बर्लच आहे," ती पुटपुटली. "तो असणारच. त्याला कोण कापतंय?"

दुसऱ्या फेरीला तारांमधून बारीक टिकटिक उठली, पत्र्यावर मटार सांडावेत तशी. ओर्लीनाचे हात थांबले.

"दुसरं कुणी असेल. शहरात काय, कुणीही मिळतं."

तेवढ्यात ठेका घसरला. एक ठोका रिकामा गेला, पुढचा घाईघाईने सावरला.

"तीच!" ती ताडकन उठली, शेंगा ओटाभर. "तीच मधमाशी! माझ्या मानेवर बसली होती! चुकले होते रे मी तिथं, आणि ती चूकसुद्धा ठेवलीय त्यांनी!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी अजून नाचतच होतो. चाल संपली, तशी ती माझ्यावर खेकसली,

"पुन्हा लाव. आणि पाय आपटू नकोस, नाटक्या, माझ्या सुया ऐकू येत नाहीत."