न ओवाळलेला पाहुणा

रविवारी लंडनमध्ये, आमच्या हॅरोच्या हॉलमध्ये एका पुढाऱ्याचा सत्कार होता. मुंबईहून आला होता, पक्षासाठी इथल्या लोकांचा पाठिंबा मागायला. सून म्हणाली, "आई, त्यांची आणि तुमची चाळ सेम ना? मग तुम्हीच ओवाळा."

चाळ एकच, खरं आहे. पण हा माणूस माझ्या खोलीत लपून राहायचा, हे घरात कुणाला ठाऊक नाही. तेव्हा त्यांची संघटना शहरात भूमिगत राहून बंदुकीने लढत होती. माझा धाकटा भाऊही त्यात होता. दोघांची पिस्तुलं माझ्या तांदळाच्या डब्यात असायची. भाऊबीजेला मी दोघांनाही ओवाळलं होतं.

एकदा जेवताना भाऊ म्हणाला, "आता पुरे झालं. बंदुका खाली ठेवू, निवडणुकीला उभे राहू. लोक मतं देतील."

हा हसला. "हो की आमदार. ताई, ह्याला टोपी शिवून द्या."

मीही हसले. त्याच महिन्यात भावाला त्यांच्याच संघटनेच्या माणसांनी गोळी घातली. फितूर होता, असं चाळीच्या भिंतीवर लिहिलं. आईने त्याचा फोटो शेवटपर्यंत पेटीत ठेवला.

भाषणात हा हुतात्म्यांची नावं घेतो, असं मुलगा म्हणाला होता. आता तरी भावाचं नाव घेईल, एवढ्यासाठी मी तबक धरायला कबूल झाले.

तो बोलला, "आम्ही बंदुका खाली ठेवल्या. निवडणुकीला उभे राहिलो. लोकांनी मतं दिली." टाळ्या पडल्या. माझ्या मुलानेही वाजवल्या. मग नावं आली. भावाचं आलं नाही.

मी तबक घेऊन समोर गेले. त्याने ओळखलं. "ताई, तुम्ही इथे?" म्हणत कुंकवासाठी मान वाकवली.

मला चारचौघांत बोलता येत नाही. त्याच्यापुरतंच म्हटलं, "माझ्या भावाचं नाव राहिलं."

"तो फार आधी बोलला, ताई. तेव्हा ते चालत नव्हतं."

"आणि आता?"

"आता कशाला उकरायचं? लोक बघतायत."

माझा हात वर गेलाच नाही. तबक समोशांच्या ताटाशेजारी ठेवलं. सुनेने घाईघाईने उचललं आणि त्याला ओवाळलं.

गाडीत मुलाने विचारलं, "आई, काय झालं?" त्याला एक मामा होता, इथून सुरुवात करावी लागली असती. खांदा दुखतो म्हणाले. त्याने जीपीची, आमच्या इथल्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली आहे.