वडिलांच्या ट्रकचं इंजिन

वडिलांनी ट्रक चालवणं बंद केलं तेव्हा तो कुरुळीच्या घरामागं चिंचेखाली उभा राहिला, आणि मग कुणी हलवलाच नाही. आधी टायर बसले, मग बॅटरी गेली. सायलेन्सरचं तोंड उघडं होतं, त्यातून कधीतरी पाणी आत शिरलं आणि इंजिन जाम झालं. भंगारवाला अधूनमधून विचारून जायचा. आई म्हणायची, देऊन टाका. वडील हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. त्या टाळण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. मला वाटलं, त्यांचा गाडीत जीव आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे. मापात असला तर पुढं, नसला तर लाल पेटीत. एवढे भाग हातातून जातात, पण ते एकत्र येऊन काय होतं ते आमच्या टेबलावरून दिसत नाही. एखादं अख्खं इंजिन स्वतः उघडावं आणि पुन्हा जोडावं, असं बरेच दिवस मनात होतं. घरामागं एक आयतंच उभं होतं. माझी सुट्टी गुरुवारची, नवऱ्याची रविवारची. त्यामुळे तो दिवस तसाही मी एकटीच असायचे. मी चिंचवडहून सकाळी स्कूटरवर कुरुळीला जायला लागले.

पहिले काही आठवडे फक्त वाट बघण्यात गेले. डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल आत ओतलं आणि मुरू दिलं. मग चेन-पुली लावून इंजिनवरचं जड झाकण, हेड, उचललं. साखळी आईनं ओढली. आतले बाकीचे पिस्टन ठीक होते, एक मात्र गंजून चिकटून बसला होता. खालून लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकत तो बाहेर काढायला अख्खा दिवस गेला. शेवटी सगळं इंजिनच खाली घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, क्रँक, भोसरीला ग्राइंडिंगला द्यायचा होता. तिथला कारखानाही गुरुवारीच बंद, म्हणून एकदा शिफ्ट सुटल्यावर टेम्पो करून नेला.

एवढ्या दिवसांत वडील शेडकडे फिरकले नाहीत. ते ओट्यावर पेपर वाचत बसायचे. निघालेला पिस्टन मी त्यांना दाखवायला नेला, तर त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. मला वाटलं, त्यांना त्रास होत असेल. एका दुपारी मी न राहवून म्हटलं, "दादा, एकदा येऊन बघा तरी."

"बघून काय करू?"

"सारा जन्म चालवलीत तुम्ही ती."

"चालवली की. मला ती गाडी कधीच आवडली न्हाई."

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा गावात ज्यानं त्यानं ट्रक घेतला. आमचा ट्रक थोरल्या चुलत्यांनी ठरवला आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. वडिलांना स्वतःला गाई पाळायच्या होत्या. इंजिन केबिनमध्येच, त्यामुळे उन्हाळ्यात पाय भाजायचे. कंपन्यांच्या गेटबाहेर नंबर लागेपर्यंत गाडीखाली चादर टाकून पडावं लागायचं. पाठ तेव्हापासूनच गेली.

"मग भंगारात का नाही दिली?"

"त्यो विचारायला यायचा, मी बघू म्हणायचो. राहिली तशीच."

मी विचारलं, थांबवू का मग हे सगळं. ते म्हणाले, "तू कर की. तुझी हौस हाय. मला त्यात घेऊ नको, म्हंजी झालं."

मी शेडमध्ये परत आले. इंजिन मोकळं पडलेलं, भाग डिझेलमध्ये धुवून पोत्यावर मांडलेले. इतके दिवस मी हे त्यांच्यासाठी करते आहे असं धरून चालले होते. ते कारण आता उरलं नव्हतं. सगळं तसंच टाकून गेले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. मग मी पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नवे लायनर बसवायला घेतले. ते कसे बसतात ते मला बघायचं होतं.

क्रँक आला, बेअरिंगं घातली, बोल्ट आवळले, आणि क्रँक फिरेना. पहारीनंही हलेना. बेअरिंगांवरची एकेक कॅप सैल करत गेले तेव्हा कळलं की दोन कॅप एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. दोन्हींवर नंबर होते. टेबलावर असा भाग मी क्षणात बाजूला काढला असता. अदलाबदल केल्यावर क्रँक हातानं फिरला.

पावसाळा संपता संपता इंजिन पुन्हा गाडीत बसलं. चाकांना जुनेच पण धड टायर मिळाले. डिझेलच्या नळ्यांमधली हवा काढली, नव्या बॅटरीनं स्टार्टर मारला. दोनदा नुसतं गुरगुरलं. तिसऱ्या वेळी काळा धूर सोडून चालू झालं आणि चिंचेवरचे पक्षी उडाले. ऑइलच्या दाबाचा काटा वर चढला. वडील घरातच होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, तो मला बाहेर ऐकू आला.

आई मात्र हात पुसत आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मला बसव."

तेव्हा मला समजलं की ती या गाडीत कधीच बसलेली नव्हती. लग्नानंतर एकदा तिनं माहेरी सोडा म्हटलं होतं, तर केबिनमध्ये क्लीनर असतो, बाईमाणसाची जागा नाही, असं उत्तर मिळालं होतं. पुन्हा तिनं विचारलं नव्हतं. मी खालून आधार दिला आणि ती पायरीवर पाय ठेवून चढली.

गाडीचे कागद केव्हाच संपलेले, रस्त्यावर नेता येत नव्हती. घरामागच्या मोकळ्या जागेतच पहिल्या गिअरमध्ये एक गोल फेरी मारली. आई पदर खोचून, समोरचा दांडा धरून ताठ बसली होती. फेरी संपल्यावर मी ब्रेक दाबला.

ती उतरायला उठली नाही. "उलट्या बाजूनं पण फिरते का?" तिनं विचारलं.

मी स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला वळवलं.