पूलीचे नऊ फटके

मिलर्ड स्कोवला कोरीन बास्कमचा राग येत होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. राग आलेला माणूस कधीतरी विसरतो. मिलर्डला तिचं सगळंच खुपायचं. तिची हिरवी गाडी, चर्चमधलं तिचं बारीक आवाजातलं गाणं, आणि ती सगळ्यांसाठी करून आणायची तो रूबार्बच्या आंबट देठांचा केक. तो केक चांगला व्हायचा, हे तर जास्तच खुपायचं.

मिलर्डने आयुष्यभर गावच्या शाळेत बीजगणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे दोनच गोष्टी उरल्या आणि दोन्ही बेसबॉलच्या. एक म्हणजे गावच्या पेपरातला लेख. दर वसंतात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, आपल्या संघातला कोणता फलंदाज यंदा कसा खेळेल हे तो आकडे मांडून सांगायचा. आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात लोक हवामानाच्या अंदाजाआधी मिलर्डचा अंदाज वाचत. न्हाव्याच्या दुकानात त्यावर वाद होत. वर्षातले ते पंधरा दिवस मिलर्ड जरा ताठ चालायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानावरच्या उंच लाकडी खोलीतली स्कोअररची खुर्ची. फलंदाज धावत पहिल्या टप्प्यावर, म्हणजे पहिल्या बेसवर पोचला, तर तो स्वतःच्या फटक्यामुळे पोचला की समोरच्याच्या हातून सोपा चेंडू निसटल्यामुळे, हे तिथे बसलेला माणूस ठरवतो. तो ‘फटका’ म्हणाला तर फलंदाजाच्या नावावर चढतो. ‘चूक’ म्हणाला तर फलंदाजाला त्याचं काहीच मिळत नाही. या कामात मिलर्डच्या शब्दावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

मग कोरीन आली. नवरा गेल्यावर ती बहिणीजवळ राहायला म्हणून गावात आली. त्याआधी एका बियाणं कंपनीत कोणत्या तालुक्यात किती मका पिकेल याचा अंदाज बांधायचं काम ती करायची. बेसबॉलचं तिला वेड. तिने संपादक लेलंड क्रुमला एक पान नेऊन दिलं, आणि त्या वसंतात पेपरात मिलर्डच्या लेखाशेजारी, तेवढ्याच जागेत, बाईंचा अंदाज छापून आला.

क्रुमने मिलर्डला बोलावून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, सर. लोकांना मजा येईल. पण पुढच्या वर्षी मला दोन लेख परवडायचे नाहीत. आपल्या पूलीच्या हंगामाअखेरच्या आकड्याच्या जो जवळ जाईल, त्याचा लेख राहील. कबूल?"

"कबूल," मिलर्ड म्हणाला. शाळेत क्रुमला तीनदा नापास केलं होतं ते उगाच नाही, असं त्याच्या मनात आलं.

डॅरिल पूली म्हणजे गावाचा लाडका फलंदाज. आदल्या वर्षी त्याची सरासरी दर हजार वेळा फलंदाजीला तीनशे एकतीस फटके अशी होती, आणि एवढ्या कोवळ्या वयात तसं खेळणारा गावाने पाहिला नव्हता. मिलर्डने महिनाभर बसून नदीवरचा वारा, चेंडू फेकणारे डावखुरे पिचर, बसचे लांब प्रवास, पूलीचा ठरलेला साखरपुडा, सगळं गणितात घातलं आणि पुन्हा तीनशे एकतीसच लिहिलं. कोरीनने दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं होतं.

"पोराने तिचं काय घोडं मारलंय?" न्हावी म्हणाला, आणि मिलर्डला तो दिवस फार चांगला गेला.

पण घरी त्याची बायको आर्डिस होती, आणि आर्डिसची कोरीनशी गट्टी जमली होती.

"कोरीन म्हणत होती—"

"आर्डिस, मी जेवतोय."

"तोंडाने जेवतोस ना? कान रिकामेच आहेत. ती म्हणते, एका शेतात एका साली मका छपराला टेकला म्हणून पुढच्या साली टेकेलच असं नसतं. फार चांगलं आलेलं जरा खाली येतं, फार वाईट आलेलं जरा वर. मागची तीन सालं घ्यायची, जवळच्या सालाला जास्त वजन द्यायचं, आणि शेवटी सगळ्यांना थोडंथोडं मधल्या आकड्याकडे ओढायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

"वारा? पिचर?"

"नाही घेत."

"हे तर सातवीतलं पोर करेल!"

"तीही हेच म्हणाली," आर्डिस म्हणाली. "कौतुकाने म्हणाली. बटाटे घे."

मिलर्डचा तिळपापड झाला, पण बटाटे त्याने घेतले.

मे महिन्यात पूली मिलर्डच्या आकड्यासारखा खेळला. जूनमध्ये तो कोरीनच्या आकड्यासारखा खेळायला लागला. आकडा रोज थोडा घसरायचा. चर्चच्या पायऱ्यांवर कोरीन भेटली की म्हणायची, "चांगला खेळतोय ना मुलगा, मिस्टर स्कोव?" तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा. मिलर्डला तो असावासा वाटायचा, म्हणजे मग तसंच उत्तर देता आलं असतं.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी पूलीने एक जमिनीलगतचा चेंडू मारला. तो थेट शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे गेला, त्याच्या हातमोज्याला लागला आणि उडून मागे पडला. पूली बेसवर पोचला. वर खोलीत मैदानावरच्या पाटीचे आकडे लावणारा माणूस मिलर्डकडे वळून पाहत होता. चेंडू जरा जोरात होता. जराच. मिलर्ड म्हणाला, "फटका."

खाली पाटीवर फटका चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोणी काही म्हणालं नाही. त्याला स्वतःलाही तो तसा खोटा वाटला नाही. पुढच्याच आठवड्यात दुसरा आला. तिसऱ्या वेळी तर आकडे लावणाऱ्याने त्याच्याकडे वळून न पाहताच फटका लावला, आणि मिलर्ड गप्प राहिला. दुसऱ्या कोणाच्या वेळी मात्र तो पूर्वीसारखाच कडक होता. पूलीचा आकडा घसरायचा थांबला. ऑगस्ट सरत आला तेव्हा तो तीनशे अकरावर टेकला होता, म्हणजे केसभर का होईना पण मिलर्डच्या जवळ. क्रुमने रस्त्यातच त्याची पाठ थोपटली. "सर, तुम्हीच मारणार बाजी!"

दुसऱ्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी कोरीन लाकडी जिना चढून वर आली. तिला धाप लागली होती.

"मिस्टर स्कोव, पाच मिनिटं आहेत का? दोन-अडीच आठवडे झाले, मी अडकलेय."

"कशात?"

"पूलीमध्ये. बाहेरगावी तो अगदी माझ्या हिशेबासारखा खेळतो. इथे घरी मात्र हिशेबात बसत नाही. त्याचे जमिनीवरचे चेंडू इथे फटके कसे होतात? मला वाटतं, ही माती कडक आहे. चेंडू वेगाने जातो, क्षेत्ररक्षकाला सापडत नाही. तुम्ही तर किती वर्षं वरून बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

मिलर्ड पेन्सिलीला टोक काढू लागला. "माती," तो म्हणाला, "असेल."

"मग बाकीच्यांना का नाही होत, हे कळत नाही. पण होत असणार, मलाच दिसत नसेल. मी सगळ्यांच्या आकड्यात घरच्या मातीची दुरुस्ती घालणार आहे. मागच्या सालांच्या सुद्धा." ती जायला वळली. "सगळ्यावर शंका घेऊन पाहिली हो. फक्त तुमच्या स्कोअरवर घेता येत नाही. माझं सगळं त्याच्यावरच तर उभं आहे."

हे तिने अगदी सहज, जिन्याचा कठडा धरता धरता म्हटलं. त्या सामन्यात पूलीचा वादाचा चेंडू आला नाही, आणि देवाची दया म्हणून मिलर्डने डोळे मिटले.

आता खरं तर त्याला गप्प बसायचं होतं. हंगाम संपत आला होता, लेख त्याचाच राहणार होता, आणि ती बाई आपल्याच हाताने आपलं गणित बिघडवत होती. याहून बरं काय मागायचं? तीन-चार दिवस तो खुशीत राहायचा प्रयत्न करत होता. मग शनिवारी आर्डिसने त्याला कोरीनकडे मक्याची कणसं पोचवायला पाठवलं.

कोरीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसली होती. डोळे लाल होते. "या, बसा. हे बघा काय होतंय ते."

त्याने पाहिलं. ती दुरुस्ती घातल्यापासून तिचे सगळे फलंदाज वेडेवाकडे झाले होते. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, धड पळता न येणारा संघाचा म्हातारा कॅचर पुढच्या वर्षी राज्यात पहिला येणार होता. मिलर्डने चष्मा लावला. त्याने तिचं जुनं गणित पहिल्यांदाच नीट वाचलं, ओळीमागून ओळ. ते चार ओळींत संपत होतं, त्यात एकही फालतू शब्द नव्हता, आणि जुन्या सालांवर ते त्याच्यापेक्षा चांगलं बसत होतं. त्याला आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. हे मला का सुचलं नाही? आणि त्या चार ओळींवर तिने आता पेन्सिलीने काट मारली होती.

शाळेत काही मुलं अशी असायची. पुस्तकाच्या मागचं उत्तर चुकीचं छापलेलं असायचं, आणि ती पोरं आपलं बरोबर आलेलं गणित खोडून त्या उत्तराशी जुळवत बसायची. मिलर्डला ते कधी बघवलं नव्हतं.

"ही काट पुसा," तो म्हणाला.

"का?"

"तुमचं गणित बरोबर आहे."

"मग पूली का बसत नाही?"

मिलर्डने चष्मा काढून पुसला. "स्कोअरर चुकीचा आहे."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कणसांची पिशवी टेबलावरून खाली घसरली, ती तिने उचलली नाही.

"मुद्दाम?"

"पहिला नाही. निदान पहिल्याच्या वेळी मला तसं वाटलं होतं."

"तीन आठवडे!" कोरीन उठून उभी राहिली. "तीन आठवडे मी त्या मातीमागे लागलेय, मिलर्ड स्कोव! मैदानावरच्या माळ्याला जाऊन मातीत पाणी किती घालतोस म्हणून विचारलं मी! तो माझ्याकडे वेडी बाई म्हणून बघत होता. आणि तू वर खुर्चीत बसून म्हणतोस, माती असेल?"

"हो."

"एका लेखासाठी?"

"तुला काय माहीत," मिलर्ड एकदम म्हणाला, "लोक तुझं ऐकतात. तू आलीस आणि आर्डिससुद्धा तुझंच ऐकायला लागली. मला तेवढंच होतं."

कोरीन पुन्हा खुर्चीत बसली. मग तिने खोडरबर उचललं. "कोणते कोणते?"

सगळे त्याला पाठ होते. कोणाविरुद्ध, कितव्या डावात, कोणाच्या हातून सुटला. ते नऊ निघाले. तिने ते काढून पुन्हा भागाकार केला. दोनशे एक्याण्णव.

"तीनने चुकलीस," मिलर्ड म्हणाला. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आणि तू?" कोरीनने विचारलं.

सोमवारी तो क्रुमकडे गेला आणि लेख बाईंना द्या म्हणाला. क्रुमला वाटलं म्हाताऱ्याची तब्येत बिघडली. "सर, पण तुम्ही पुढे आहात!" तेव्हा मिलर्डला कारणही सांगावं लागलं. क्रुमने ते छापलं नाही, पण संघाच्या मालकाला कळवणं भाग होतं. त्या संध्याकाळी खुर्ची गेली. जुन्या सामन्यांतले स्कोअररचे निर्णय बदलायची मुदत केव्हाच संपली होती, म्हणून पूलीचे नऊ फटके तसेच राहिले. गावात बरीच कुजबुज झाली. न्हाव्याने केस कापताना हवामानाचा विषय काढला, आणि मिलर्डला ते कोणी तोंडावर बोलण्यापेक्षा जड गेलं.

शेवटच्या सामन्याला आर्डिसने त्याला जबरदस्तीने नेलं. "घरात बसून भिंती बघणार आहेस का?" जागा कोरीनशेजारी होती, हे तिने आधी सांगितलं नव्हतं. कोरीनच्या मांडीवर स्कोअरचा कागद होता. तिने त्याच्याकडे पाहून नमस्कारादाखल मान हलवली. त्याने मैदानाकडे पाहिलं.

सहाव्या डावात पूलीने जमिनीलगत चेंडू मारला. शॉर्टस्टॉप डावीकडे धावला, वाकला, चेंडू हातमोज्यात आला आणि निसटला. वर पाटीवर नव्या स्कोअररने फटका लावला.

"चूक!" मिलर्ड उभा राहून ओरडला. "ती चूक आहे! सरळसरळ चूक!"

मागच्या रांगेतले लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "आता दिसायला लागलं का सरांना?"

"मिलर्ड, खाली बस," आर्डिस म्हणाली.

तो कोरीनकडे वळला. "तू सांग. तुझ्या डोळ्यांदेखत निसटला ना?"

कोरीनने थोडा विचार केला. "त्याला पाच पावलं धावावं लागलं. मी फटकाच दिला असता." आणि तिने कागदावर तसं लिहिलं.

मिलर्ड बसला. यावेळी तो अगदी खरं बोलत होता, आणि तरी लोक तिचंच मानणार होते. पुढचे दोन डाव तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. पण तिच्या मांडीवरचा कागद त्याला तिरपा दिसत होता, आणि ती पुढचा आकडा काय काढते हे बघायला त्याने, आर्डिसला कळू न देता, चष्मा लावला.