चांद्याची सहावी खिडकी

चांद्याच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सहावीही एक खिडकी होती, आणि तिच्यातून दुसऱ्याची गोष्ट बाहेर काढणं कोणा राजाच्या फौजेलाही जमलं नसतं. ती होती कॉलेजच्या कचेरीची. तिच्यामागे बसत माझ्या मैत्रिणीचे, वच्छीचे बाबा. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, आणि कॉलेज नवंनवं होतं. मी शेजारची, चौथीतून घरी बसलेली. वच्छीची पुस्तकं चाळता चाळता जे काय शिकले तेवढंच माझं शिक्षण. पण तिच्या बाबांचा, आमच्या काकाजींचा, दुपारचा डबा आम्ही दोघी मिळून पोचवत असू, म्हणून त्या खिडकीचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काकाजी हेडक्लार्क. कोणाला किती गुण, कोणाचं वय काय, कोणाची फी माफ झाली, कोण दुसऱ्यांदा बसला, सगळं त्यांच्या कपाटात. आणि त्यांचं म्हणणं एकच, ज्याचं आहे ते त्यालाच सांगायचं. निकाल आला की प्रिन्सिपॉल म्हणत, यादी फळ्यावर लावा. काकाजी हुकूम मोडणारे नव्हते. ते यादी लावत, पण तिचं तोंड भिंतीकडे करून आणि चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून. मग खिडकीपाशी बुरडाकडून आणलेला बांबूचा तट्टा उभा बांधत, एकेकाला त्याच्याआड बोलावत, सही घेत, आणि गुणपत्रिका हातात ठेवून पुटपुटत, "घडी करून खिशात टाक. मंग हास, नाई तं रड." एकदा एक पोरगा असा काही हसत बाहेर आला की दोस्तांनी त्याच्याकडून सगळ्यांसाठी जिलबी वसूल केली. तो नापास होता, हे पुढच्या वर्षी तो त्याच बाकावर दिसला तेव्हा कळलं.

मूल गावचे एक धानगिरणीवाले मालक मुलाचे गुण विचारायला आले होते, ते अजून आठवतात. खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "पोरगा माहा, फी म्या भरली, मंग गुन कोनाचे?"

"पोराचे," काकाजी म्हणाले. "फीची पावती देली न तुमाले? पावती तुमची."

राजुऱ्याहून सोयरीक जुळवायला आलेल्या दोघांनी मुलीचं वय आणि हुशारी कचेरीतूनच काढून घ्यायचा बेत केला होता. त्यांना काकाजींनी पाणी पाजलं, बसायला स्टूल दिलं, आणि सांगितलं, "पोरगी पाहाची असन तं तिच्या घरी जा भाऊ. इथी कागद रायते." घरी काकूंनी एवढंच विचारलं की शेजारच्या विठोबाचं पोरगं पास झालं का, तर हा माणूस ताटावर मान खाली घालून म्हणे, "त्याले इचार. तो अंगनातच उभा हाय."

आता हे सगळं हसायला ठीक होतं. पण वच्छीही त्याच कॉलेजात गेली, आणि काकाजींनी स्वतःलाही त्या तट्ट्याच्या बाहेर उभं केलं. तिचा कुठलाही कागद टेबलावर आला की ते तो न बघता दुसऱ्या कारकुनाकडे सरकवत. बाप होते ना. ज्याचं आहे ते त्यालाच.

इंटरची परीक्षा दिली आणि वच्छी मुदतीच्या तापाने पडली. चांद्याचं ऊन, आणि अंगात तो ताप. निकाल आला तेव्हा ती कुशीसुद्धा स्वतःहून बदलत नव्हती. मी एकटीच डबा घेऊन गेले.

"काकाजी, वच्छीचा निकाल आला म्हंते."

"आला."

"मंग घरी घेऊन या न. खाटीवरच सही घ्या तिची."

ते चष्मा पुसत राहिले. "वच्छी येईन न खिडकीवर. बाजूले ठेवला हाय मी, पाकिटात."

"तिच्यानं उठवत नाई."

"उठन. ताप उतरला का उठन."

मी तणतणत वच्छीकडे गेले, तर ती मलाच हसली. "तू काऊन गेली वं सांगाले? घरी आनला तं पोरी म्हंतीन, हेडक्लार्कची पोरगी. मी जाईन न. तट्ट्यामागं उभी राहीन, अन् बाबा मले वळख देनार नाई, पाहजो तू." तिने मला तिचं निळ्या काठाचं पातळ धुऊन उशाशी घडी करून ठेवायला लावलं. जायचं झालं की शोधाशोध नको.

ते पातळ आम्ही सरणावर तिच्यासोबतच दिलं.

प्रिन्सिपॉल स्वतः घरी आले. म्हणाले, पाकीट घेऊन जा, आता तुमचंच आहे. काकाजी म्हणाले, "घेनाऱ्याची सही नाई, साहेब." मला त्यांचा फार राग आला. बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एकदा अंगणात तेच हळूच म्हणाले, "बाई, गुनपत्रिका घरी नेऊन देली असती न, तं तिले समजलं असतं, बाबानं आस सोडली." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि ज्या गावाने त्यांना एकेका गुणासाठी छळलं होतं, त्या गावानेही वच्छी पास की नापास हे कधी विचारलं नाही.

माझं लग्न होईपर्यंत डबा मीच नेत होते. दर निकालाला तट्टा बांधला जाई, पोरं एकेक करून जात, हसत, रडत. शेवटचा पोरगा गेला की चपराशी खिडकी लावायला येई. "थांब जरासाक," काकाजी म्हणत. तट्ट्याआड कोणी नसे. ते टाक दौतीत बुडवून, सहीसाठी गजांतून बाहेर धरून, तसेच बसून राहत.