साध्या तपासणीत पॉझिटिव्ह

एचआयव्हीच्या नव्या लसीची पहिलीवहिली चाचणी होती, धडधाकट माणसांवर. मुंबईच्या केंद्रात मी आपणहून नाव दिलं. का, असं विचारलं तेव्हा म्हटलं, हौस. आमच्या गोखिवऱ्याच्या घरी सांगितलं असतं तर आईने मला कोंडूनच ठेवलं असतं. लस द्यायच्या आधी केंद्रवाल्यांनी जाडजूड माहितीपत्र वाचायला लावलं आणि वर परीक्षा घेतली. मी अर्थातच पास. त्यातली एक गोष्ट अशी, की या लसीने रोग होत नाही, पण रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून साध्या तपासणीत उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकतं. तेव्हा बाहेर तपासू नका, आमच्याकडे या.

होणारा नवरा भुईगावचा. त्याला हे सगळं ठाऊक होतं. दर खेपेला सोबत यायचा आणि माझ्या वाटणीची बिस्किटं खायचा.

लग्न ठरलं. येत्या रविवारपासून चर्चमध्ये आमची नावं पुकारणार होते, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं. मंगळवारी त्यांच्याकडे गेले तर पडवीत लॅबवाला सुई घेऊन हजर.

"दोघांचीही एचआयव्ही तपासणी करून टाकू," बाई म्हणाल्या. "हल्ली सगळेच करतात."

त्याने मुकाट बाही वर केली. मी म्हटलं, "मी नाही देणार."

बाईंचा चेहरा पडला. लग्न मोडतंय हे मला दिसत होतं. हा एक वाक्य बोलला असता तरी भागलं असतं, पण साहेब फरशा मोजत बसले. असा राग आला की रडूच कोसळायचं बाकी होतं.

मग म्हटलं, होऊन जाऊ दे. "बाई, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल," असं सांगून मी सावकाश चहाचा घोट घेतला. बाईंचा कप बशीत आपटला. तेवढी गंमत करून घेतली आणि मग सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माहितीपत्र नेऊन दिलं. बाईंनी ते लाल पेन घेऊन वाचलं आणि माझी पुन्हा परीक्षा घेतली.

शनिवारी केंद्रातल्या खास तपासणीचं पाकीट घेऊन गेले. संसर्ग नाही, असा रिपोर्ट होता. बाईंनी ते उघडलंसुद्धा नाही.

"तू बुधवारीच पास झालीस," त्या म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "तुला माहीत होतं ना रे सगळं?"

तो पुन्हा फरशीकडे बघायला लागला. बाईंनी फादरना फोन लावायला घेतला, उद्या नावं पुकारा म्हणून सांगायला.

"पुढच्या रविवारी पुकारा म्हणावं," मी म्हटलं. "उद्या माझी हरकत आहे."